हातातलं, आभाळातलं आणि तिसरं

मुखेड, ऑक्टोबर 2025

चि. बाळास,

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, जे आपल्या हातात नाही त्याचा विचार सोडा." मायेनं म्हणालास, म्हणून वाद घातला नाही. पण पाऊस हातात नसतो हे कुणबिकी करणाऱ्याला काय सांगायचं? त्याची अडचण निराळी आहे. हातातली कामंही वेळेला बांधलेली असतात. वेळ टळली की तीही जातात.

आता सोयाबीनचंच बघ. यंदाचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली. भाव माझ्या हातात नाही, ओलावा आहे. हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांच्या वरचा ओलावा चालत नाही, म्हणून तुझी काकू अन् मी ताडपत्रीवर माल पसरतो, दिवसातून चारदा हलवतो, आभाळ भरलं की झाकतो. ई-पीक पाहणीची नोंद आधीच केली होती. सातबारावर सोयाबीन नसेल तर वाळलेला मालही केंद्रावर उपयोगाचा नाही.

पुढच्या जूनच्या बियाण्याचा घोर मला आत्ताच लागलाय. शेंगा पाण्यात राहिल्या की दाणा वरून बरा दिसतो अन् उगवत नाही. त्यातला त्यात उंचवट्यावरचा माल वेगळा काढून, मळणीयंत्राच्या फेऱ्या कमी ठेवून मळला. सोयाबीनचं साल फार नाजूक. मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवीन. सत्तर उगवले तर बियाणं घरचं, नाहीतर विकत. पिशवीवर कंपनीचं नाव कितीही मोठं असो, तिच्यातलेही शंभर दाणे मी मोजणारच.

जिरायत हरभऱ्याची खरी वेळ ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. यंदा काळ्या रानात वापसाच नव्हता, पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. तोवर ट्रायकोडर्मा आणून ठेवलं, मर रोगाला तेवढाच अडसर. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं 'आकाश' वाण मिळालं तर तेच पेरीन.

इथवर तुझं म्हणणं मला पटतं. पुढं पटत नाही.

17 ऑगस्टच्या रात्री आपल्या इथल्या लेंडी धरणाच्या परिसरात 206 मिलिमीटर पाऊस झाल्याचा आकडा खुद्द मुख्यमंत्र्यांनी दिला. लातूर, उदगीर अन् कर्नाटकाकडचं पाणीही इकडंच आलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं वेढली गेली. रावणगावात सव्वादोनशे लोक अडकले, लष्कराला बोलवावं लागलं. हसनाळात माणसं गेली. पाऊस आभाळातला, कबूल. पण जवळपास चार दशकं रखडलेल्या धरणाची घळभरणी, म्हणजे पाणी अडवायला उरलेली फट बुजवणं, याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर झाली अन् पुनर्वसनाचं गाऱ्हाणं तसंच उभं होतं. पाणी कधी अडवायचं, गाव आधी हलवायचं की नंतर, हे आभाळ ठरवत नाही. ते कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं.

विम्याचंही तेच. एक रुपयाचा पीकविमा या खरिपापासून बंद झाला. वर भरपाई आता फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न बघून. माझ्या एकट्याच्या रानात तळं साचलं तर या हिशोबात ते दिसणार नाही. हा नियम माणसांनी केलाय, माणसं बदलू शकतात. 7 तारखेला सरकारनं अतिवृष्टीच्या मदतीचं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेही गावोगावच्या लोकांनी ओरड केली म्हणूनच, असं माझं मत.

म्हणून 'हातात नाही ते सोडा' या सल्ल्याची मला जरा भीतीच वाटते. त्यात आभाळाच्या नावावर साहेबांचीही सुटका होऊन जाते. माझ्या हातात नाही ते सगळंच कुणाच्याच हातात नाही, असं थोडंच आहे?

तेव्हा एक काम कर. तुझी भाषा चांगली आहे. लेंडीच्या बुडीत गावांतल्या किती घरांचं पुनर्वसन पूर्ण झालं अन् पुढच्या पावसाळ्यात पाणी कोणत्या वेळापत्रकानं साठवणार, एवढे दोनच प्रश्न घालून माहिती अधिकाराचा अर्ज लिहून पाठव. सही मी करतो. अर्जाला 10 रुपये लागतात अन् उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

तुझा,
काका