पाकी आणि परदा

आम्ही मुसलमान पाकीविषयी फार बोलतो. वजू, गुस्ल, इस्तिंजा यांचे मसले आमच्या पोरांना मकतबातच पाठ होतात. तरीही नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत, अंगणात संडास बांधलेला असताना टमरेल घेऊन गावाबाहेर जाणाऱ्यांत आमचेही लोक दिसतात. खोलीत सरपण, कडबा, नाहीतर शेळी!

योजना आल्या नाहीत असे नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. मग निर्मल ग्राम पुरस्कार आला. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबाला बारा हजार रुपये मिळू लागले. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. भिंती उभ्या राहिल्या, सवय मात्र बदलली नाही.

पहिली अडचण पाण्याची. बाहेर टमरेलभर पाण्यात भागते, संडासात बादली ओतावी लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ही बादली हलकी नाही. शिवाय ती भरून आणायची बाईनेच.

दुसरी भीती खड्ड्याची. "भर गया तो उपसेगा कौन?" या प्रश्नात जात दडलेली आहे. एका सफेत उभे राहणारे आम्हीही मेहतराची वस्ती वेगळीच ठेवत आलो. मैला हाताने उपसायला लावणे १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी गुन्हा ठरवले आहे. उपाय साधा आहे: दोन शोषखड्डे. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. बंद खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कुजून कोरडे, वास नसलेले खत होते. पण हे समजावून न सांगितल्याने लोक संडास 'जपून' वापरतात. म्हणजे फक्त आजारपणात नाहीतर पाहुणा आला तर.

तिसरे कारण खास आमचे. बुजुर्ग म्हणतात, "घर में नमाज होती, वहींच संडास कैसा?" कुठे गवंड्याने भांडे पूर्व-पश्चिम बसवलेले असते. किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करून बसायला मन धजत नाही, म्हणून खोली बंद. बांधतानाच गवंड्याला "भांडे उत्तर-दक्षिण बसव" एवढे सांगितले तर हा प्रश्न उरतच नाही. आणि रस्त्यात, लोकांच्या सावलीच्या जागी, पाणवठ्यावर घाण करायला हदीसमध्ये सक्त मनाई आहे. ती मात्र आम्ही सोयीने विसरतो.

सगळ्यांत जास्त किंमत मोजतात त्या बायका. दिवसा बुरख्याचा आग्रह धरणारे घर तिला पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेला पाठवते. वाहनाचा उजेड पडला की ती उठून उभी राहते. रात्री जावे लागू नये म्हणून कमी जेवते, पाणी पीत नाही. हा कसला परदा? हेही खरे, की नव्या सुनेला बरोबरीच्या बायकांशी मन मोकळे करायला तेवढीच वाट मिळते. संडास आला तर तिचे हे बोलणे तुटू नये, याची काळजीही घरानेच घ्यायला हवी.

जुम्याच्या बयानात वजूचे मसले सांगितले जातात, तसे खड्ड्याचे आणि भांड्याच्या दिशेचेही सांगितले जावेत. आणि घरातल्या पुरुषाने निदान एक बादली भरून ठेवावी. पाकीची सुरुवात तिथूनही होते.