वाळवंटातील गुरांची वाट

मोटारीने पार करायच्या जगातील अवघड वाटांत पश्चिम ऑस्ट्रेलियातील 'कॅनिंग स्टॉक रूट'ची गणना होते. हॉल्स क्रीक ते विलूना ही लांबी सुमारे १८५० किलोमीटर. मात्र ही वाट मुळात पाडली ती गुरांसाठी.

उत्तरेकडील पूर्व किंबर्लीच्या गुरांना गोचीड होती, म्हणून ती जहाजाने दक्षिणेला न्यायला मनाई झाली. तिकडे सोन्याच्या खाणींवर मांसाला मागणी होती. कोरड्या वाळवंटातून गुरे चालवत आणली, तर गोचीड वाटेतच मरेल असा हिशेब झाला. आल्फ्रेड कॅनिंग यांनी १९०६-०७ साली पाहणी केली आणि १९०८ ते १९१० मध्ये साधारण एकेका दिवसाच्या मजलेवर पन्नासेक विहिरी बांधल्या. पाणी शेंदून डोणीत ओतायचे आणि कळप पुढे हाकायचा. शेवटचा कळप १९५९ साली गेला.

पण पाणी सापडले कसे? तेथील मूळ रहिवाशांना पकडून, साखळदंड घालून त्यांच्याकडून झरे दाखवून घेतले. १९०८ साली चौकशी आयोग बसला. त्याने कॅनिंग यांना दोषमुक्त केले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले पाणी मात्र गुरांकडे गेले.

१९६८ साली ही सारी वाट प्रथम मोटारीने पार झाली. वाळूच्या नऊशेहून अधिक टेकड्या आडव्या येतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते. टायरमधील हवा बरीच कमी करावी लागते, म्हणजे चाक पसरते आणि वाळूत रुतत नाही. सकाळच्या गारव्यात वाळू घट्ट असते, तेव्हाच चढण घ्यावी. गाडीपुढे उंच काठीला निशाण बांधतात, कारण टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसत नाही. स्पिनिफेक्स गवताचे कुसळ गाडीखाली साठून पेट घेते, म्हणून वरचेवर उतरून ते झाडून काढावे लागते. दोन-तीन आठवड्यांचे अन्न बरोबर हवे. पाण्याचाही साठा हवा, कारण अनेक जुन्या विहिरी ढासळल्या आहेत. दुरुस्तीची सामग्री आणि रेडिओ विसरून चालत नाही. उन्हाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

२००२ साली न्यायालयाने या प्रदेशातील मोठ्या भागावर मार्टू लोकांचा हक्क मान्य केला. वाटेवर जाणाऱ्याला आता मूळ रहिवाशांची परवानगी काढावी लागते. ज्यांच्याकडून पाणी जबरीने घेतले, त्यांना विचारूनच आता त्या वाळूत चाक घालावे लागते, हे योग्यच झाले.