सेव्हिल पाहिलेत, आता बिलोली पाहा

पूर्वी काशीहून परतलेला मनुष्य गंगेची लोटी घेऊन येई. हल्ली स्पेनहून परतलेला छायाचित्रे घेऊन येतो. आमचे साडू गेल्या वर्षी सहकुटुंब सेव्हिल शहर पाहून आले. पुढे दोन दिवस ते आमच्याकडे बिलोलीस उतरले, तेव्हा चहा घेता घेता मेहुणीबाईंनी विचारले, "भाऊजी, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय हो?"

बिलोली म्हणजे नांदेड जिल्ह्यातले, तेलंगणाच्या सीमेजवळचे तालुक्याचे गाव. सेव्हिलला मारिया लुइसा या राजकन्येने १८९३ साली आपल्या राजवाड्याच्या बागेचा मोठा भाग शहराला देऊन टाकला. त्या उद्यानालगत १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला भव्य चौक असून, तिथल्या रंगीत फरशांवर स्पेनच्या प्रांताप्रांतांची चित्रे आहेत. असली राजकन्या काही बिलोलीच्या वाट्याला आली नाही!

पण दगडी मशीद आली. मी मंडळींना तिथे नेले. औरंगजेबाच्या काळातला अधिकारी सर्फराजखान याच्या नावाने ती ओळखली जाते. औरंगजेबाचे नाव निघताच साडूंच्या कपाळाला आठी पडली.

"त्याच्या माणसाचं काय पाहायचं?"

"सेव्हिलला हिराल्दा मनोऱ्यावर चढलात ना?" मी विचारले.

चढले होते, आणि मोठ्या हौसेने. वर जायला पायऱ्या नाहीत, घोड्यावरून जाता यावे असा वळणावळणाचा चढ आहे, हे त्यांनीच आम्हांला रंगवून सांगितले होते. हा मनोरा बाराव्या शतकातल्या मशिदीचा. १२४८ साली ख्रिस्ती राजाने शहर जिंकले. पुढे मशिदीच्या जागी मोठे चर्च उभे राहिले. पण मनोरा आणि संत्र्यांच्या झाडांचे अंगण तेवढे राहिले. मनोऱ्यावर घंटा चढल्या, आणि आज सेव्हिलकर त्यालाच आपल्या शहराची खूण मानतात.

साडू जरासे हसले आणि त्यांनी जोडे काढले. मेहुणीबाई दगडाकडे निरखून पाहत होत्या. "घडवणारे पाथरवट कोण असतील हो?" त्यांनी विचारले. बादशहाचे नाव साऱ्यांना ठाऊक असते. पाथरवटांची आठवण त्यांना झाली, याचे मला बरे वाटले.

तिथून आम्ही अर्जापूरला गेलो. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदराव पानसरे यांची १९४६ साली इथे हत्या झाली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावे लागले. पानसऱ्यांना यांतला एकही दिवस पाहता आला नाही. गावातले महाविद्यालय आज त्यांचे नाव चालवते.

स्मारकापाशी सगळेच गप्प होते. मग साडूंच्या कन्येने विचारले, "काका, सकाळची मशीद आणि हे स्मारक, दोन्ही आपलंच म्हणायचं?"

शिक्षकाला असा प्रश्न वर्गात क्वचितच भेटतो. मी म्हणालो, "हो बाळ. लढा निजामाच्या जुलमी राजवटीशी होता, शेजाऱ्याच्या मशिदीशी नव्हता. मशीद पाहून पानसऱ्यांना विसरायचं नाही, आणि पानसरे आठवून मशिदीकडे पाठ फिरवायची नाही. अवघड आहे, पण या गावात राहायचं तर हे जमलंच पाहिजे."

साडू काही बोलले नाहीत. मात्र परतीच्या वाटेवर त्यांनी मशिदीपाशी गाडी थांबवायला सांगितले. सकाळी त्यांनी तिचे छायाचित्र घेतले नव्हते.

वाचकहो, आपल्यालाही यायचे असेल तर दिवाळीनंतरचे दिवस चांगले. नांदेडहून एसटी मिळते. सवड असेल तर तेलंगणातल्या कंदकुर्तीलाही जाऊन या; तिथे आमची मांजरा गोदावरीला मिळते. बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूही कानी पडेल, तिने बिचकू नका. आणि मुलांना बरोबर आणा. प्रश्न तीच विचारतात.