अब्बांच्या खोलीतला उतार

लेक स्केटबोर्ड घेऊन रस्त्यावर निघाली की आम्ही धास्तावत असू. गाड्यांची भीती होतीच, पण खरे सांगायचे तर ‘लोक काय म्हणतील’ याचीही होती. शाळेत मुलींना खेळू द्या म्हणून पालकांना समजावणारे आम्ही घरात मात्र ‘नको’ म्हणत होतो.

शेवटी अम्मींनीच अब्बांच्या इंतकालानंतर बंद असलेल्या खोलीची किल्ली पुढे केली. खोली १२ बाय १० फुटांची. लाकडी उतार २ फूट उंच करायचा ठरला. ६ फुटांच्या दोरीला पेन्सिल बांधून लेकीने १२ मिलिमीटर प्लायवर कंस काढला. तळ किती? ६ चा वर्ग वजा ४ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ : सुमारे साडेचार फूट. दोन बाजूंच्या मध्ये दर ८ इंचांवर आडव्या पट्ट्या ठोकल्या. वर ६ मिलिमीटर प्लायचे दोन थर बसवले, कारण जाड प्लाय एवढा वाकत नाही. आवाज घुमू नये म्हणून खाली अब्बांची जुनी सतरंजी घातली.

हेल्मेट घालूनही पहिल्या दिवशी ती चारदा पडली. दारात तसबीह घेऊन बसलेल्या अम्मी म्हणाल्या, “उठ बेटा, फिर से.”

एवढे आम्हाला इतके दिवस म्हणता आले नव्हते.