मुकादमाचा धडा

धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात व्यवस्थापनशास्त्र शिकणारा विद्यार्थी मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे वळतो, तेव्हा त्याच्यापुढे भरती येते, मोबदला येतो, गैरहजेरी येते आणि कामावर माणूस टिकवायचा कसा, हेही येते. या विषयाच्या पुस्तकांतली ठरलेली उदाहरणे टेलरच्या पोलाद कारखान्यातली, शिकागोजवळच्या हॉथॉर्नमधली, फार तर बंगळुरूच्या संगणक कंपन्यांतली. इकडे त्याच जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या भरतीची, मोबदल्याची, गैरहजेरीची एक पक्की व्यवस्था आहे आणि ती बहुतांशी तोंडी चालते. हा विषय या जिल्ह्यात शिकवायचा तर सुरुवात त्या व्यवस्थेपासून व्हावी, असे माझे म्हणणे आहे. त्यामागे कळवळा नाही. हा विषय आपल्या देशात जन्मला तोच मुळी मुकादमाच्या प्रश्नातून, हे त्याचे कारण.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार घ्यायचा की नाही, त्याला ठेवायचे की काढायचे, हे बराच काळ जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हाती होते. तोच गावाकडून माणसे आणी, तोच त्यांच्यावर देखरेख ठेवी, अडीनडीला उसने देई आणि नोकरीच्या बदल्यात दस्तुरीही घेई. कामगारांच्या प्रश्नांवरच्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. आजच्या एचआर मॅनेजरचे पूर्वज हे. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या या पदाची वंशावळ गिरणीच्या फाटकापाशी जाऊन पोहोचते, हे पदवी घेणाऱ्याला कुणी सांगत असेल असे वाटत नाही. त्या अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या संस्थांत 1936 साली मुंबईत सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था अग्रणी. तिनेच 1986 मध्ये तुळजापूरला ग्रामीण केंद्र उघडले. मात्र कामगार व्यवस्थापन मुंबईत आणि ग्रामीण विकास तुळजापुरात, अशी वाटणी झाली. कोयता घेऊन गाव सोडणारा माणूस या दोहोंच्या मधल्या फटीत राहिला. तो शेतकरी म्हणून अपुरा आणि कामगार म्हणून बेनोंद.

आता त्याची भरती पाहा. कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक यंत्रणा वाहनमालकाशी, मुकादमाशी करार करते आणि आगाऊ रक्कम देते. मुकादम त्यातून पावसाळ्यात, घरात पैसा नसण्याच्या दिवसांत, उचल वाटतो. उचल घेतली की माणूस बांधला गेला. पुस्तकाच्या भाषेत हे ‘टिकवून ठेवणे’च, फक्त बढतीच्या जागी कर्ज आहे. मोजणीचे एकक एक माणूस नसून कोयता, म्हणजे जोडपे. मजुरी टनावर आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे बाईच्या श्रमाची वेगळी नोंद कुठेच उरत नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा कापला जातो. पाळीचे दिवस, आजारपण, बाळंतपण, सगळ्यांना तोच नियम. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाला डॉक्टरांचे व्यवहार, लवकरची लग्ने, पाण्याची वानवा अशा अनेक बाजू आहेत, पण खाड्याची भीती त्यातून वगळता येत नाही. गैरहजेरीचे धोरण माणसाच्या शरीरापर्यंत कसे पोहोचते, याचा याहून कठोर दाखला हॉथॉर्नमध्ये मिळायचा नाही.

कुणी म्हणेल, ही तर पिळवणूक. तिला व्यवस्थापन म्हणून प्रतिष्ठा कशाला द्यायची? अभ्यास म्हणजे प्रतिष्ठा नव्हे. शिवाय नुसते पिळवणूक म्हणून थांबले की मुकादम खलनायक ठरतो आणि कारखाना नामानिराळा राहतो. प्रत्यक्षात उचल बुडाली, दोन ठिकाणी उचल घेऊन टोळी भलत्याच कारखान्यावर गेली, तर खड्ड्यात जातो तो मुकादमही. जोखीम कोणी कोणाच्या गळ्यात घातली, हे पाहणे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याचेच काम आहे. या क्षेत्रात वाटाघाटीही होतात. साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना यांच्यात ठरावीक वर्षांनी करार होतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. एवढी मोठी सामूहिक सौदेबाजी, आणि तीही जिथे मालक कोण हेच कागदावर स्पष्ट नाही तिथे! औद्योगिक संबंधांच्या तासाला याहून चांगला विषय कुठून आणणार?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. आईबापाच्या हातातला कोयता सुटावा म्हणून पोर शिकते. त्याला चाकणची नोकरी हवी आहे, त्याच्यासमोर पुन्हा फड कशाला मांडायचा? पण चाकणला गेल्यावर त्याला भेटणार आहे तो ठेकेदारच. बहुतेक मोठ्या कारखान्यांत कायम कामगारांच्या बरोबरीने कंत्राटी माणसे राबतात आणि त्यांची हजेरी, कपात, भविष्य निर्वाह निधी यांची कागदपत्रे तपासायचे काम नव्या एचआर अधिकाऱ्याच्या टेबलावर येते. उचलीचा हिशेब ज्याला उलगडता येतो त्याला ठेकेदाराचे बिल फसवू शकणार नाही. तोडणी यंत्रे आली की हे सारे संपेल, असेही म्हणतात. यंत्रे येत आहेतच, पण लहान तुकड्यांच्या शेतात ती पुरती फिरत नाहीत. आणि जिथे फिरतील तिथून मोकळ्या झालेल्या जोडप्यांचे काय, हाही भरतीचाच प्रश्न आहे.

अडचण खरी आहे ती वेगळीच. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात प्रकल्प करावा लागतो आणि गळीत हंगाम संपून टोळ्यांचे हिशेब मिटतात तेही त्याच सुमारास. वेळ अगदी जुळते. मुकादमाची वही बघायला मिळेल, मजूर तर बोलायलाच बसले आहेत. पण तोडणी-वाहतुकीचे खाते विद्यार्थ्यापुढे उघडायला किती कारखाने तयार होतील?