संध्याकाळचे सात

5 जुलै
लेकीचं रडणं, सात ते दहा. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. पाजलं, ढेकर काढली, खांद्यावर घेऊन फिरले. नाहीच.

6 जुलै
पुन्हा सातलाच.

7 जुलै
आजीने खडा हिंग कोमट पाण्यात उगाळला. बेंबीभोवती लेप, बेंबीत नाही. मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तळवा फिरवत बसली. थोड्या वेळाने वारा सरला. लेक झोपली. मीही.

8 जुलै
तोच हिंग, तीच आजी. साडेदहापर्यंत रडली.

11 जुलै
जेवणात शेपू, वर ओवा नि बाळंतशोपा. ओव्यातल्या थायमॉलने आतड्याचे स्नायू सैलावतात म्हणे. दुधातून हिच्यापर्यंत कितीसं पोचणार? आई : "तुझं पोट हलकं झालं ना? मग खा." झालंय.

14 जुलै
शेजारच्या काकू : "चिमूटभर हिंग दुधातून चाटव." आजी ताडकन : "पोटात काही द्यायचं नाही!"
रात्री वाचलं. पोटदुखीवर हिंगाचं औषध पाजलेलं पाच आठवड्यांचं बाळ निळं पडलं होतं. 1984ची नोंद. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच घटते.

18 जुलै
दवाखाना. वजन चांगलं. दिवसाला 3 तास, आठवड्यात 3 दिवस, 3 आठवडे : असं रडणं मोजायची रीत 1954पासूनची. सहाव्या आठवड्याच्या सुमारास जोर, तीन-चार महिन्यांत ओसरतं. लेप चालेल, कातडी लाल झाली तर बंद. ओव्याची धुरी मात्र आजपासून नाही. ताप, हिरवी उलटी, दूध पिणं सोडलं तर रात्रीसुद्धा या.
धुरीवरून आजी रुसली.

26 जुलै
हिंगाचा खडा संपला. डबीतली पूड आजीला चालत नाही. त्यात डिंक नि पीठच फार. माल येतो अफगाणिस्तान-इराणकडून. 2020मध्ये लाहौलला लागवड सुरू झाली, पण चीक मिळायला पाचेक वर्षं. आजी : "तोवर ही शाळेत जाईल."

2 ऑगस्ट
सातला आईने घेतली, मग आजीने. दार लावून सावकाश अंघोळ केली. केससुद्धा धुतले.

29 ऑगस्ट
फक्त कुरकुर.

12 सप्टेंबर
आठवडाभर रडणं नाही. आजी म्हणते हिंग. डॉक्टर म्हणतात वय.

20 सप्टेंबर
मावसबहिणीचा फोन. तिच्या बाळाचंही सातला सुरू होतं. "तू काय लावलंस गं?"
सांगितलं : हिंग, पण फक्त वरून. ताप-उलटी असेल तर सरळ दवाखाना. आणि सात वाजता बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे.
"सासूबाईंच्या?"
"नवऱ्याच्या दे की."