एटापल्लीची वाट आणि इंजिनाचा घसारा

भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थाचे दर्शन घेऊन बहुतेक कुटुंबे नागपूरच्या दिशेने परततात. काही मोजक्या गाड्या मात्र दक्षिणेकडे वळतात आणि चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असे टप्पे घेत एटापल्ली गाठतात. कुणाचा वनोपजाचा व्यवहार असतो, कुणाची तेथील दुकानदारांकडे उधारी असते, कुणाला वाटेतील अरण्य पाहावयाचे असते. चंद्रपूरपासून एटापल्ली सुमारे दीडशे किलोमीटर. अंतर फार नाही. पण चौपदरी महामार्ग, कोळशाच्या पट्ट्यातील उष्मा, सागवानाचे दाट जंगल, अवजड ट्रकांची धूळ आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नाले, हे सारे या एकाच वाटेवर भेटते. गाडी कशी चालवली जाते याची इतकी कसून परीक्षा घेणारे रस्ते महाराष्ट्रात थोडे असतील.

व्यापारी कुटुंबात गाडी ही जिंदगीच्या यादीतील एक नोंद असते. आयकराच्या नियमाप्रमाणे धंद्यात वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर दरवर्षी घटत्या शिलकीवर 15 टक्के घसारा धरतात. मालक सावकाश चालवणारा असो वा उतावळा, वहीतील आकडा तोच राहतो. इंजिनाचा घसारा मात्र असा समदर्शी नाही. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या दोन गाड्या पाच वर्षांनी पाहिल्या, तर एक शांतपणे चालत असते आणि दुसरी धूर सोडीत ऑइल पीत असते. दोहोंचे किलोमीटर सारखे असूनही हे घडते, कारण फरक चालकाच्या हातात आणि पायात असतो. इंजिनाच्या घसाऱ्याचा दर चालक स्वतःच ठरवीत असतो.

हा दर पहाटेपासूनच ठरू लागतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल निथळून तळाच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, जमते. किल्ली फिरवल्यानंतर ते वरच्या भागांपर्यंत पोहोचायला काही क्षण लागतात, आणि थंड ऑइल घट्ट असल्याने आरंभी त्याचा ओघही मंद असतो. याच वेळी ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाची गर्जना करणे, किंवा फाटकाबाहेर पडताच गाडी भरधाव सोडणे, म्हणजे धातूवर धातू घासणे होय. दहा-दहा मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवण्याची जुनी रीतही योग्य नाही. तशाने इंधन जळते आणि इंजिन मात्र हळूहळू तापते. अर्धा मिनिट थांबावे, मग तापमानाचा काटा आपल्या जागी येईपर्यंत चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवावे. भद्रावतीहून चंद्रपूरकडे निघताना इतका धीर धरणे कठीण नाही.

पुढे रुंद रस्ता मिळतो आणि पाय आपोआप खाली जातो. येथे एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 किलोमीटरवर गेल्यास केवळ हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. ही जादा शक्ती इंधनातून येते, आणि त्या इंधनाचा मोठा भाग उष्णता होऊन इंजिनावरच पडतो. चंद्रपूरचा उन्हाळा पारा 45 अंशांपलीकडे नेणारा. अशा दुपारी, पाच माणसे व सामान भरलेली गाडी वातानुकूलन लावून शंभरावर पळवली, की रेडिएटरला उसंत राहत नाही. काटा वर चढू लागल्यास वातानुकूलन बंद करून वेग उतरवावा. तरीही चढतच राहिल्यास सावलीत थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते व ते अंगावर उसळते.

बल्लारपूर सोडले की वस्ती विरळ होत जाते. गोंडपिपरीनंतर आष्टीला वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र ओलांडावे लागते. तेथून जवळच, चपराळ्याच्या परिसरात, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात. या टप्प्यात रस्ता कधी सरळ, कधी खड्ड्यांचा, कधी गावांतून वळणे घेणारा. येथे काटकसरी मालकाच्या हातून एक चूक होते. खड्ड्यामुळे गाडी मंदावली तरी तो चौथा किंवा पाचवा गिअर उतरवीत नाही. फेरे कमी तर इंधन कमी, असे त्याला वाटते. पण वरच्या गिअरमध्ये, अपुऱ्या फेऱ्यांवर, दाबून ॲक्सिलरेटर दिला की पिस्टनवर व बेअरिंगवर अवाजवी दाब येतो. गाडी थरथरते आणि बोनेटखालून टकटक ऐकू येते. हल्लीच्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत तर इंधन अवेळी पेटून पिस्टनला तडा जाण्याचाही धोका असतो. बैलाला चढणीवर ओझ्यासकट ओढायला लावून वर आसूड मारावा, तसा हा प्रकार. इंजिन कण्हू लागताच एक गिअर खाली यावे. त्याने काही थेंब इंधन अधिक जाते, पण पिस्टन आणि बेअरिंग वाचतात.

याच्या उलट दोषही आहे. फेरे लाल रेषेपर्यंत नेऊन मग गिअर बदलणे तरुणांना शौर्याचे वाटते. मिनिटाला 3000 फेऱ्यांवरच प्रत्येक पिस्टन सेकंदाला 50 वेळा वरखाली होत असतो. त्याच्या दुप्पट गतीवर ऑइलचा पातळ थर, झडपा आणि त्यांच्या स्प्रिंगा यांचा कस लागतो. क्वचित ओलांडून जाण्यासाठी असा जोर लावला तर हरकत नाही. रोजची सवय झाली तर मात्र इंजिन त्याची वसुली करते. सामान्य पेट्रोल गाडीला 2000 ते 3000 फेऱ्यांचा मधला पल्ला मानवतो, डिझेलला त्याहून थोडा खालचा.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवयही कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आजच्या गाड्यांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधनाचा पुरवठा थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन लागतेच. म्हणजे बचत होत नाहीच, उलट इंजिनाचा रोध गमावल्याने ब्रेक तापतात.

आलापल्ली हे या प्रदेशाचे नाके. येथून सिरोंचा, भामरागड आणि एटापल्ली अशा तीन वाटा फुटतात. येथील सागवानाची कीर्ती जुनी आहे. भामरागडच्या वाटेवरील ‘आलापल्लीचे वनवैभव’ हे राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून 2014 मध्ये घोषित झाले. येथे टाकी भरून घ्यावी, टायरची हवा आणि ऑइलची पातळी पाहावी. पुढील सुमारे तीस किलोमीटर जंगलाचे आहेत.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. ठाकूरदेवाच्या जत्रेसाठी माडिया बांधव जेथे जमतात त्याच या टेकड्या. खनिज वाहणाऱ्या ट्रकांमुळे या भागातील रस्त्यावर तांबडी धूळ उडते. ही धूळ इंजिनाचा शत्रू आहे. तिचे कण कठीण असतात. एअर फिल्टर तुंबला तर इंजिनाचा श्वास कोंडतो. फिल्टर फाटका वा सैल असेल तर तेच कण सिलिंडरमध्ये जाऊन पॉलिश पेपरासारखे भिंती घासतात. ओलांडून जाण्याच्या घाईत ट्रकच्या मागे चिकटून राहणारा चालक किलोमीटरगणिक ही धूळ गाडीला पाजत असतो. शंभर मीटर मागे राहिले तर धूळ बरीच खाली बसते, समोरचा खड्डाही वेळेवर दिसतो. खड्ड्यातील दगडाने संप फुटला आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘एटापल्ली आता जवळच आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नये. ऑइलविना इंजिन मोजक्या मिनिटांत जाम होते. जेथे मेकॅनिक दूर आणि मोबाइलचा भरवसा नाही, तेथे थांबण्याचा निर्णय अधिकच मोलाचा ठरतो. चालत्या इंजिनाचा प्रश्न तेथे पैशापुरता राहत नाही. गाडीत वृद्ध किंवा लेकरू असले की अंधार पडण्यापूर्वी वस्ती गाठण्याचा तो प्रश्न होतो.

एटापल्ली हे तालुक्याचे गाव. कचेऱ्या, शाळा, दुकाने, आठवडी बाजार. मोहफुले, तेंदूपत्ता, बांबू यांच्या हंगामावर येथील हातात खेळणारा पैसा अवलंबून. गाडी बाजारपेठेत उभी केली की चालक लगेच किल्ली फिरवून उतरतो. टर्बो इंजिनाला हे सोसत नाही. टर्बोचे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि तप्त धुराच्या झोतात फिरत असते. इंजिन एकाएकी बंद केले की त्याला पोहोचणारे ऑइल थांबते आणि आत राहिलेले ऑइल करपून कोळसा होते. दीर्घ वा जोरकस धावेनंतर एक-दोन मिनिटे गाडी नुसती चालू ठेवावी.

पावसाळ्यात या तालुक्याची वाट वेगळीच होते. नाले रपट्यांवरून वाहतात, गावांचा संपर्क तुटतो. साधुसाध्वी चातुर्मासात एके ठिकाणी स्थिर राहतात, त्यामागील जीवदयेचा विचार गृहस्थालाही येथे उपयोगी पडतो. रपट्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. हवेच्या नळीवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते दाबले जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. तो एक प्रयत्न इंजिनाची पूर्ण बांधणी करायला लावतो.

घरी परतल्यावरही हिशेब संपत नाही. घर ते दुकान दोन किलोमीटर, दुकान ते मंदिर एक, अशा तुटक फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. ऑइलमध्ये पाण्याचा अंश व कच्चे इंधन साठते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइलही किलोमीटरची वाट न पाहता वर्षाने बदलावे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ होण्यासाठी तिला उच्च तापमान लागते, आणि ते गल्लीबोळात मिळत नाही. पंधरवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सम वेगाने चालवणे हा तिचा उपाय. फिरणे जवळपासचेच असेल, तर डिझेल गाडी घेण्यापूर्वीच विचार करावा.

जैन आचारात ईर्या समिती सांगितली आहे. पुढील चार हात भूमी पाहून, जीव सांभाळून पाऊल टाकावे. ताशी 60 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते, म्हणून चालकाची नजर त्याच मानाने लांब हवी. जो दूरवर पाहतो त्याला एकाएकी ब्रेक दाबावा लागत नाही आणि मग पुन्हा जोराने वेगही घ्यावा लागत नाही. इंजिन झिजवणाऱ्या बहुतेक गोष्टी या दोन धक्क्यांतूनच जन्मतात. आलापल्ली-एटापल्लीच्या जंगलात संध्याकाळी रस्ता ओलांडणारे चितळ वा रानडुक्कर त्याच नजरेमुळे वाचते. इंजिनाची निगा आणि जीवदया येथे एकाच सवयीतून साधतात, आणि ती सवय अंगी बाणवण्यास गॅरेजचे बिल भरावे लागत नाही.